निवटी, हिरवी

आमच्या पनवेलच्या ऑफिसात एकाच कामावर इतक्या टीम होत्या की एकीला दुसरी काय करते याचा पत्ता नसे. काम होतं जासईकडच्या एका कंटेनर यार्डाच्या सॉफ्टवेअरचं. मी खाडीकाठच्या कोळ्यांची लेक, म्हणून टीमचं बारसं करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी सरळ माशांची नावं दिली: सुरमई, रावस, घोळ, बोंबील. सगळ्यात छोट्या टीमला मुद्दाम निवटी म्हटलं. चिखलातला हा मासा ऑफिसात कुणी पाहिलेलाही नव्हता.

रोज सकाळी प्रत्येक टीमचा एकजण कॉलवर यायचा, कॅमेरा बंद ठेवून. मी टीमचं नाव पुकारायचे. काम सुरळीत असेल तर ‘हिरवी’ म्हणायचं, अडलं असेल तर ‘लाल’. लाल म्हटलं की प्रश्नांची सरबत्ती, वर साहेबांचा फोन. त्यामुळे आमच्याकडे बारमाही हिरवंगार असायचं.

निवटीकडे एकच काम होतं. यार्डात मासळीचं शीतगृह आहे, त्याचं जाड दार आपोआप बसतं आणि आतली कडी गारठ्याने अडकते. आत कुणी कोंडला गेला तर त्याने बटण दाबायचं आणि कंट्रोल रूममध्ये घंटा वाजायची. बटणापासून घंटेपर्यंतचा निरोप निवटीने पोचवायचा. माझा धाकटा भाऊ त्याच शीतगृहात माल तपासायला जातो. त्यामुळे बाकी कुणाकडे लक्ष नसलं तरी ‘निवटी’ पुकारल्यावर माझे कान टवकारलेले असायचे. ‘हिरवी’ ऐकलं की बरं वाटायचं.

एका सकाळी मला वाटलं, घंटा वाजते कशी ते ऐकावं तरी. कॉल संपताना मी म्हटलं, “निवटीवाले, जरा थांबा.” एकेक नाव स्क्रीनवरून गेलं. शेवटी मी एकटीच उरले.

मी उठून निवटीच्या कोपऱ्यात गेले. तिथे रावसची माणसं बसली होती.

“निवटी? ती कधीच मोडली,” त्यातली एक मुलगी म्हणाली. “माणसं आमच्यात आली. काम घोळकडे गेलं ना?”

घोळवाले म्हणाले, काम बोंबीलकडे. बोंबीलवाला म्हणाला, माणसांबरोबर रावसकडेच राहिलं असणार. यादीतून नाव तेवढं कुणी काढलं नव्हतं.

“मग रोज सकाळी बोलतं कोण?” मी विचारलं.

कॉलची रेकॉर्डिंग असतात. मी हेडफोन लावून एकेक दिवस ऐकत गेले. “निवटी?” हा माझा आवाज. मग जरा शांतता. मग “हिरवी.” रोज वेगळा आवाज. कधी सुरमईवाला, कधी घोळवाली. मीटिंग अडू नये म्हणून कुणीतरी म्हणून टाकत होतं. त्या त्या माणसाला मी ऐकवलं. ऐकणारा प्रत्येकजण म्हणाला, हा माझाच आवाज आहे, पण मी असं म्हटलेलं नाही. चेहऱ्यावरून कुणी खोटं बोलतंय असं वाटत नव्हतं. एका दिवशी पुकारणारीही मी आणि उत्तर देणारीही मीच होते. कितीही आठवलं तरी मला ते आठवेना. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, “पण डॅशबोर्ड तर हिरवा दिसतोय.” त्यांच्याशी डोकं फोडण्यात अर्थ नव्हता. भावाचा फोन लागेना. यार्डाचा फोन कुणी उचलेना. मी रिक्षा केली. उलव्याकडच्या डंपरांच्या धुळीतून जासईला पोचेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

भाऊ शीतगृहाच्या दारात उभा होता, जाड जाकीट घालून, धडधाकट. मला रडूच आलं. मग लक्षात आलं, दारापाशी दुसरं कुणीच नाही. पूर्वी कुणी आत गेलं की बाहेर एक माणूस दार धरून उभा असायचा.

“दारावरचा माणूस कुठाय?”

“काढला त्याला. आता मानूस नाय लागत,” तो कौतुकाने म्हणाला. “तुमचं बटन हाय ना आत! दाबलं का लाल दिवा पेटतो. थांब, तुला दावतो.”

“नको!” म्हणेपर्यंत तो आत गेलाही. दार बसलं.

बटणातला दिवा बॅटरीवर पेटतो, त्याला आमचं सॉफ्टवेअर लागत नाही. समोर कंट्रोल रूमच्या काचेआड एकजण चहा पीत होता. घंटा वाजली नाही. त्याने मान वर केली नाही. दारातून काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. मी दोन्ही हातांनी बाहेरची कडी ओढली.

गार वाफेतून भाऊ बाहेर आला, हसत.

“बगितलंस, ताई? दाबलं आणि लगेच उघडलं.”