अट्रॅक्टाच्या कालवडी

अट्रॅक्टा गिलहूलीनं एका कळपासाठी तेवीस वर्षं वळू निवडले. त्या कळपातली एकही गाय तिच्या नावावर नव्हती.

मी हे खात्रीनं सांगू शकतो, कारण ते वळू माझ्या गाडीतून यायचे. आयर्लंडमधल्या आमच्या लीट्रिममध्ये मी गायींना कृत्रिम रेतन करायचं काम करत असे. गाय माजावर आली की लोक फोन करायचे आणि मी गोठवलेल्या रेताच्या कांड्यांचं थंड पिंप मागच्या सीटवर टाकून निघायचो. अंगणात गाडी शिरली की कोणीतरी ओरडायचंच, "टोपीवाला वळू आला रे!" पहिली दोन वर्षं राग यायचा. नंतर मी खरंच टोपी घालायला लागलो.

बहुतेक ठिकाणी कुठला वळू घालायचा हे विचारण्यात अर्थ नसे. "घाल कुठलाही, फिन्टन, वासरू दांडगं होऊ दे म्हणजे झालं." अट्रॅक्टाकडे तसं नव्हतं. ती फाटकापाशी उभी असायची, पायात बापाचे रबरी बूट, आणि गाडीतून उतरायच्या आत सुरू करायची.

"मागल्या वेळचा लिमोझिन जातीचा वळू कुठला होता? त्याचं वासरू खांद्यात अडकलं. तो नको."

"अगं, पण त्याची वासरं बाजारात..."

"बाजारात वासरू जातं, फिन्टन. गाय माझ्याकडे राहते. हिला हिअरफर्ड घाल."

आमच्याकडच्या या गायी दुधाच्या नव्हेत. वासरू आईलाच पितं, तिच्यामागं गवतात वाढतं आणि शरद ऋतूत मांसासाठी विकलं जातं. म्हणजे गाय अशी हवी, की जिला वासरापुरतं भरपूर दूध असेल, जी कोणाची मदत न घेता विईल, आणि आमच्या लव्हाळ्यांनी भरलेल्या ओल्या उतारावर पाय न रुतता चरेल. नुसत्या एका जातीत हे सगळं मिळत नाही. आज्याच्या काळातल्या तांबड्या-पांढऱ्या शॉर्टहॉर्न गायींपासून अट्रॅक्टानं सुरुवात केली. दुधासाठी ते रक्त राखलं. एका पिढीत हिअरफर्ड आणला, शांत स्वभावासाठी. पुढच्या पिढीत थोडा लिमोझिन, अंगावर मांस यावं म्हणून, पण तोही लहान डोक्याचा. तापट गाय ती दुसऱ्या वर्षी ठेवत नसे. कास लोंबली की गेली. कुठली गाय कोणाची नात, तिच्या आजीला वेताच्या वेळी किती वेळ लागला होता, हे तिला तोंडपाठ होतं. लिहिलेलं कुठंही नव्हतं.

लग्नाचं एकदा जुळत आलं होतं म्हणतात, पण त्याच वर्षी बापाला पक्षाघात झाला. एकुलता भाऊ मॅलकी इंग्लंडात कॉव्हेंट्रीला बांधकामावर होता. नाताळला यायचा, कधी नाही यायचा. बापाला भरवणं, उठवणं, धुणं आणि कळप, हे सगळं तिच्यावर आलं. चौदा वर्षं.

बाप गेल्यावर मृत्युपत्र वाचलं गेलं. जमीन, घर, गुरं मॅलकीला. अट्रॅक्टाला "मागची खोली, आणि चुलीजवळ बसण्याचा हक्क, हयातभर." आमच्याकडे मुलींना असंच लिहून ठेवत, त्यामुळे कोणाला नवल वाटलं नाही. तिला वाटलं असेल. पण दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा ती नेहमीसारखी फाटकापाशी उभी होती.

मॅलकी पन्नाशी उलटून परत आला. माणूस दुष्ट नव्हता. गप्पिष्ट, हसरा, सगळ्यांना चहा पाजणारा. पण तीस वर्षं परदेशात घालवून आलेल्या माणसाला गावानं आपल्याकडे वळून बघावं अशी भूक असते, आणि आमच्याकडे माणसाकडे वळून बघतात ते एकाच जागी, गुरांच्या बाजारातल्या रिंगणाशी. तिथं पहिल्याच शरदात त्यानं बेल्जियन ब्लू जातीची वासरं पाहिली. मागून बघितलं तर पहिलवानाच्या मांड्या. कठड्यावर रेललेली माणसं बोलायची थांबली होती.

पुढच्या जूनमध्ये मला फोन आला तो मॅलकीचा. नऊ कालवडी होत्या, पहिलटकरणी, अट्रॅक्टाच्या सगळ्या वर्षांच्या निवडीतून उतरलेल्या. इतका एकसारखा, देखणा घोळका मी तालुक्यात पाहिला नव्हता.

"सगळ्यांना ब्लू," मॅलकी म्हणाला.

अट्रॅक्टा गोठ्याच्या दारात होती. "मोठ्या गायींना घाल हवा तर," ती म्हणाली. "चार-पाच वेतं झालेल्या गायी आहेत, त्या निभावतील. या पोरींना नको, मॅलकी. यांची कमरेची हाडं अजून उघडलेली नाहीत. यांना अँगस घाल, लहानसं वासरू होईल, पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी! म्हणून तर हा कळप आहे तिथंच आहे. अगं, जग कुठं गेलंय!"

"जग गेलं असेल. कालवडीचं कमरेचं हाड आहे तिथंच आहे."

मॅलकी हसला. मलाही हसू आलं. मग तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "तुला माहीत आहे ना, फिन्टन?"

"माहीत आहे."

"मग सांग ना त्याला."

मी पिंपाचं झाकण उघडत होतो. म्हणालो, "कळप त्याच्या नावावर आहे, अट्रॅक्टा. मी काय सांगणार?"

 कालवडी एकेक करून तिनंच आत आणल्या, कारण मॅलकीला त्या जवळ येऊ देत नसत. एकेकीच्या मानेवर हात ठेवून ती उभी राहिली आणि मी माझं काम केलं. नऊच्या नऊ. जाताना मॅलकीनं मला चहा दिला आणि मी तो प्यायलो.

मार्चमध्ये पहिल्या दोघी व्यायल्या, आणि काय सांगू, सुरळीत व्यायल्या. निळसर-पांढरी वासरं, दगडासारखी भरीव. मॅलकी चर्चबाहेर ज्याला-त्याला सांगत होता, "आमची बहीण मला घाबरवत होती!" तिसरी अडली ती रविवारी, प्रार्थनेच्या वेळेला. मी चर्चमधून निघालो तो मॅलकीनं मला रस्त्यातच अडवलं. 

आम्ही पोचलो तेव्हा अट्रॅक्टा एकटी कालवडीच्या मागं होती. वासराचे पुढचे पाय बाहेर, डोकं आत. जनावरांचा डॉक्टर दुसऱ्या गावी अडकलेला. वासरू ओढायचा लोखंडी जॅक तिनं लावला होता, पण ती दांडा दाबत नव्हती, नुसता धरून होती, कळ येण्याची वाट बघत. "ओढ ना!" मॅलकी ओरडला आणि त्यानं दांडा हातात घेतला. कालवडीचे पाय गेले. ती कोसळली तसा दांडा गर्रकन फिरला आणि अट्रॅक्टाच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला दारात ऐकू आला.

डॉक्टर आला, त्यानं पोट उघडून वासरू काढलं. वासरू जगलं. कालवड उठली नाही. तिच्या मागच्या पायांतला जीव गेला होता. तीन दिवस अट्रॅक्टा गळ्यात हात बांधून तिच्यापाशी पेंढ्यात बसली, एका हातानं पाणी पाजत, तिची कूस बदलायला मॅलकीला हाका मारत. चौथ्या दिवशी कालवडीला गोळी घालावी लागली.

तो महिना असाच गेला. नऊपैकी चार कालवडी मेल्या. जगलेल्यांतल्या दोघी पुन्हा गाभण राहण्याच्या लायकीच्या उरल्या नाहीत. एकदा गुडघाभर चिखलात उभा राहून मॅलकी लहान मुलासारखा रडला आणि म्हणाला, "तू मला अडवायला हवं होतंस."

"अडवलं होतं," अट्रॅक्टा म्हणाली.

त्या रविवारी जन्मलेलं ते वासरू तिनं बादलीनं वाढवलं. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, म्हणून बादली डाव्या हातात. दोन महिन्यांनी एका म्हाताऱ्या शॉर्टहॉर्न गाईनं त्याला स्वतःच्या वासराबरोबर पिऊ दिलं, तेही अट्रॅक्टानं आठवडाभर गाईच्या डोक्याशी उभं राहून जमवलं. ऑक्टोबरात ते खोंड बाजारातल्या स्पर्धेत पहिलं आलं. रिंगणाशी माणसं बोलायची थांबली. आमच्या साप्ताहिकात फोटो आला: लाल फीत, खोंड, आणि दोर धरलेला मॅलकी. खाली लिहिलं होतं, त्यानं स्वतः पैदास केलेलं जनावर.

मी तो अंक घेऊन गेलो, का कोण जाणे. तिनं चष्मा लावून नीट पाहिला.

"खोंड छान दिसतंय," ती म्हणाली. "आईवर गेलंय तोंडानं." आणि अंक घडी करून मला परत दिला.

पुढच्या जूनमध्ये मी फाटकाशी गेलो तर तिथं कोणी नव्हतं. मॅलकी गोठ्यात एका गाईशी झटत होता. मला बघून तो स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. ताळ्यावर आलेला माणूस वाटला, कारण त्यानं विचारलं, "अट्रॅक्टा, या वर्षी काय घालू गं? तू म्हणशील ते."

ती ब्रेड कापत होती. "माझ्या नावावर एक खोली आहे, मॅलकी. खोलीबद्दल काही विचारायचं असेल तर विचार."

"असं काय करतेस? चूक झाली म्हणतोय ना मी!"

"कळपाचं मला काही विचारू नकोस."

आणि तिनं ते पाळलं. त्या दिवसानंतर ती गोठ्यात गेली नाही. मॅलकीनं बाजारातून ज्या-त्या रंगाच्या गायी आणल्या. कोणी लाथा मारी, कोणाला दूध नाही, एक तर आपल्या वासराला जवळ येऊ देईना. खिडकीतून तिला सगळं दिसत असे. कालवडीचं ओरडणं ऐकूनच तिला कळत असणार, काय अडलंय ते. तरी ती उठली नाही. हा तिचा सूड होता की थकवा, मला सांगता येत नाही. पण पुढच्या तीन वर्षांत तिनं मॅलकीपेक्षा जास्त सोसलं असं मला वाटतं, कारण त्या ओरडणाऱ्या जनावरांत उरल्यासुरल्या तिच्या गायीही होत्या.

शेवटी मॅलकीनं सगळी गुरं काढली आणि जमीन झाडं लावायला दिली. आमच्याकडे तेव्हा बरेच जण देत होते. सिटका स्प्रूस, लाकडासाठी लावायची सूचिपर्णी झाडं, काळपट हिरवी, ओळीनं. घराभोवती नियमानं सोडायची तेवढी जागा सोडली होती. पण घर उताराच्या तळाशी आणि झाडं दक्षिणेच्या चढावर. दहा वर्षांत ती इतकी वाढली, की नोव्हेंबर ते फेब्रुवारी मागच्या खोलीत ऊन येईनासं झालं. मी कधी जायचो तर भर दुपारी दिवा लागलेला असायचा.

त्या दिव्याखाली बसून ती मला तिच्या गायी सांगायची. मॅलकी घरात नसतानाच. ही हिची मुलगी, ती तिची, तिला हिअरफर्डपासून झालेली. मी मान डोलवायचो. एकदा मी म्हणालो, "त्या दिवशी मी नाही म्हणायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. नुसतं एवढंच. मग पुढची गाय सांगायला लागली.

ती जानेवारीत गेली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. अंत्यविधीनंतर घरी माणसं दाटली होती. मॅलकी हॅमच्या सँडविचचं ताट घेऊन फिरत होता, म्हातारा, डोळे लाल. माझ्यापाशी येऊन थांबला.

"गुरांच्या कामात मला तिची फार मदत व्हायची, फिन्टन," तो म्हणाला.

"हो," मी म्हणालो, "व्हायची," आणि ताटातलं सँडविच उचललं.