सातव्या मजल्याची तक्रार

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत मी तक्रारी लिहून घेते. अठरा वर्षं झाली. फोन वाजला की इमारत, मजला, काय बिघडलंय आणि किती वाजता कळवलं हे जाड वहीत लिहायचं, फोन करणाऱ्याला तक्रार क्रमांक द्यायचा आणि त्या भागातल्या मेकॅनिकला पाठवायचं. अडकलेली माणसं मला वाट्टेल ते बोलतात, जणू मीच वर बसून लिफ्टचा दोर धरून ठेवलाय. मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही. नाकावर राग घेऊनच जन्माला आले असं माझी वहिनी म्हणते, आणि वहिनी सहसा खोटं बोलत नाही.

माझा दादा याच कंपनीत मेकॅनिक आहे. मी त्याच्याच घरी राहते. हे सगळं सांगायचंय ते त्याच्या मुलाबद्दल. घरात आम्ही त्याला बाळ्या म्हणतो. आता सोळावं लागलंय, दादापेक्षा चार बोटं उंच झालाय, तरी बाळ्याच. तो वाईट संगतीतून कसा सुटला हे लोक एकमेकांना सांगत असतात. त्यातलं निम्मं चुकीचं आहे, आणि खरं काय घडलं ते माझ्या-त्याच्याशिवाय कुणाला पुरतं ठाऊक नाही.

लहानपणी सुट्टीच्या दिवशी तो दादाबरोबर कामावर जायचा. पिशवीतून पाना काढून दे, टॉर्च धर, असली कामं. नऊ वर्षांचा असताना त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं की दार नीट बसलं की नाही. बोलायचा कमी. डोळ्यांवर सहाव्या वर्षापासून जाड चष्मा.

नववीत गेल्यावर त्याला दोन मित्र मिळाले. एकाला सगळे कॅप्टन म्हणायचे, तो कशाचाच कॅप्टन नव्हता. दुसरा वकील, कारण तो शिक्षकांशीही वाद घालायचा. या दोघांनी चष्म्यावरून बाळ्याचं नाव ठेवलं बॅटरी. त्यांची दप्तरं बॅटरीने उचलायची, वह्या बॅटरीने पुऱ्या करायच्या, आणि हसायचं झालं तर तेही बॅटरीलाच. माझं डोकं फिरायचं. "तू त्यांचा मित्र आहेस की हमाल?" असं मी एकदा विचारलं तर म्हणाला, "तुला नाही कळायचं, आत्या." दादा आपला म्हणायचा, या वयात असंच असतं, चालायचंच.

आता किल्लीचं सांगते. लिफ्टचं बाहेरचं दार लिफ्ट त्या मजल्यावर असल्याशिवाय उघडत नाही. पण मेकॅनिककडे एक तीन कोनांची किल्ली असते, तिने ते केव्हाही उघडतं. आमच्या कंपनीच्या सगळ्या इमारतींना एकच किल्ली चालते. दादा ती गळ्यात दोरीला बांधून ठेवतो, फक्त अंघोळीला जाताना खुंटीवर लावतो. हे बाळ्याच्या तोंडून कधीतरी निघालं असणार. कॅप्टन त्याला म्हणाला, "अरे, तुझ्या बापाच्या गळ्यात सगळं शहर लटकतंय आणि तू आमची दप्तरं उचलतोस?"

मागच्या वर्षी दादा दोन दिवस तापाने झोपून होता, तेव्हा किल्ली खुंटीवरच होती. त्यातल्या एका दुपारी बाळ्याने खुंटीवरची किल्ली नेली. संध्याकाळी ती पुन्हा खुंटीवर होती. मधल्या वेळात कॅप्टनने तशीच दुसरी करून घेतली. दादाला पत्ताच लागला नाही.

कॅप्टन बारा मजली इमारतीत राहायचा. दुपारी सगळीकडे सामसूम असली की हे तिघं दार उघडून लिफ्टच्या छपरावर उतरायचे, दार लावून घ्यायचे आणि कुणी बटण दाबायची वाट बघत बसायचे. खाली कुणीतरी बाजाराची पिशवी घेऊन उभं, आणि वर ही तीन रत्नं. बाळ्या मला नंतर म्हणाला, "खरं सांगू आत्या, मजा यायची." ते मी लपवत नाही. कुठे उभं राहायचं, कुठे हात लावायचा नाही, लिफ्ट वर जाताना समोरून तोलाचं वजन खाली येतं तेव्हा डोकं किती आत घ्यायचं, हे त्यालाच माहीत होतं. कॅप्टन त्याला विचारून पाय टाकायचा. बापाच्या कामाला पहिल्यांदा भाव आला होता, आणि तो असल्या ठिकाणी. मला ते आठवलं की अजून गलबलून येतं, आणि लगेच एक ठेवून द्यावीशीही वाटते.

वीसेक दिवस असे गेले. मग एका दुपारी दोघं छपरावर होते आणि बाळ्या सातव्या मजल्यावर पहारा देत होता. ज्या दारातून ते उतरले ते त्यांनी घाईत ओढलं होतं, ते नीट बसलं नव्हतं. बाळ्याच्याही लक्षात आलं नाही, ज्याला नुसत्या आवाजावरून कळायचं त्याच्या. समोरच्या घरातून दुसरी-तिसरीतली एक मुलगी बाहेर आली. पाठीवर दप्तर, हातात पाण्याची बाटली. बाटलीचं झाकण लावता लावता तिने दार ओढलं आणि ते उघडलं. पलीकडे लिफ्ट नव्हती, ती त्या दोघांना घेऊन खाली गेली होती; नुसता काळोख. तिचं लक्ष झाकणात. पाय उचललेला.

बाळ्याने तिचं दप्तर धरून तिला मागे ओढलं. ती जोरात आपटली, गुडघा सोलला, भोकाड पसरलं. आई धावत बाहेर आली. "एवढा घोडा झालास, लहान मुलीला ओढतोस? लाज नाही वाटत?" बाळ्याने दार पाठीने लोटून बंद केलं होतं. तो म्हणाला, "सॉरी काकू." दुसरं काय सांगणार? खालून, लिफ्टच्या छपरावरून, दोघांच्या हसण्याचा आवाज येत होता. बॅटरीला शिव्या पडतायत म्हणून ते हसत होते.

त्याने त्याच दिवशी किल्ली परत मागितली. कॅप्टनने त्याला भित्री भागूबाई ठरवलं आणि वर सांगितलं, "जा, सांग बापाला. नोकरी त्याची जाईल, आमचं काय जातंय?" तोवर वकिलाने स्वतःसाठी आणखी एक किल्ली करून घेतली होती. कॅप्टनचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

पुढचे सहा दिवस तो शाळा सुटली की त्या इमारतीत जायचा. बाराव्या मजल्यापासून खालपर्यंत एकेक दार ओढून बघायचा, मग पुन्हा वर. घरी विचारलं तर म्हणायचा, मित्रांकडे होतो. मी त्याला जेवताना फाडून खाल्लं, टवाळांच्या मागे फिरून तूही टवाळच होणार म्हणून. त्याने ऐकून घेतलं, उठून ताट घासून ठेवलं आणि निघून गेला. पूर्वी त्याने उलट उत्तर दिलं असतं. मला वाटलं, आता कोडगा झाला.

सातव्या दिवशी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी ऑफिसचा फोन वाजला.

"तक्रार नोंदवायची आहे."

"बाळ्या? अरे, या नंबरवर काय करतोस? माझ्या मोबाइलवर कर."

"नाही आत्या, इथेच करायचीये. लिहून घे."

आतापर्यंत जे सांगितलं त्यातलं बरंचसं मला त्या फोनवर कळलं. तो न अडखळता बोलत होता, पाठ केल्यासारखा. "किल्ली मी घेतली," हेही त्याने तसंच सांगितलं. मी पेन खाली ठेवलं.

"हे बघ," मी आवाज खाली आणून म्हणाले, "घरी ये. दादाला हळूच सांगू. तो त्या पोरांकडून किल्ल्या काढून घेईल, कुणाला काही कळणार नाही."

"आणखी किती जणांनी करून घेतल्यात ते मला माहीत नाही. कुलपंच बदलायला हवीत."

"आणि दादाची नोकरी? बावीस वर्षं झाली त्याला."

"माहितीये. सहा दिवस तोच विचार केला, आत्या. तू लिही."

"बरं, लिहिलं."

"क्रमांक?"

मी तोंडाला आला तो आकडा सांगितला. "कुणी येईपर्यंत मी सातव्या मजल्यावर थांबतो," असं म्हणून त्याने फोन ठेवला. माझ्यासमोरचं पान कोरं होतं.

मला तेव्हा लाज वाटली नाही, हे कबूल करते. मला राग आला होता. मित्रांपुढे शेपूट घालायची आणि घरच्यांच्या पोटावर पाय देताना शहाणपणा दाखवायचा, असं मनात आलं. ठरवलं, संध्याकाळी त्याचा कान धरायचा, कॅप्टनच्या आईला गाठायचं आणि प्रकरण मिटवायचं. मग मी दुसऱ्या चार तक्रारी लिहिल्या. चहासुद्धा प्यायले.

चार पस्तीसला पुन्हा फोन.

"आत्या, अजून कुणी आलं नाही." आवाज बसला होता. "मघाशी कॅप्टन आणि वकील दार उघडायला आले होते. झटापट झाली. कुलूप तुटलंय, दार आता लागतच नाहीये. मी पाठ टेकवून उभा आहे, लोकांना जिन्याने पाठवतोय. चष्मा फुटला, पण मी ठीक आहे." मग म्हणाला, "तू लिहिलंस ना?"

लिहिलंय रे, माणूस निघालाय. हे वाक्य मी दिवसातून तीस वेळा म्हणते, झोपेतही म्हणेन. ते जिभेवर आलं होतं.

"नाही लिहिलं," मी म्हणाले.

मला वाटलं तो चिडेल, रडेल, फोन आपटेल. त्याचा तो हक्क होता. तो म्हणाला, "मग आता लिही. पाय दुखतायत."

मी लिहिलं. इमारत, मजला, तुटलेलं कुलूप, किल्ल्या, किल्ली कुणाच्या घरातून गेली ते, सगळं. वेळेच्या रकान्यात मी दोन दहा लिहिलं. त्या भागातला मेकॅनिक त्या दिवशी दादाच होता. मी दादाला फोन लावला आणि त्याला काय सांगितलं ते मला आज धड आठवतही नाही.

दादाने तिथलं एवढंच सांगितलं. तो जिन्याने सातव्या मजल्यावर पोचला तेव्हा बाळ्या दाराला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभा होता. चष्मा नसल्याने त्याला समोरचा माणूस नीट दिसत नव्हता. तो म्हणाला, "काका, लिफ्ट बंद आहे, जिन्याने जा." दादा म्हणाला, "बाजूला हो, मी दुरुस्तीला आलोय." तेव्हा त्याने बापाला ओळखलं. दादा हे वहिनीला सांगत होता आणि मध्येच उठून मोरीत तोंड धुवायला गेला.

दादाला तीन महिने घरी बसवलं. आता त्याला गोदामात टाकलंय, सुटे भाग मोजून द्यायला. गळ्यातली किल्ली काढून घेतली. सगळ्या इमारतींची कुलपं बदलली. शाळेत बाळ्याशी कुणी बोलत नाही, डबा तो एकटाच खातो. दादाही त्याच्याशी कामापुरतंच बोलतो, आणि हे किती दिवस चालणार ते कुणालाच माहीत नाही. शेजारपाजारचे म्हणतात, पोरगं वेळेवर सुटलं हो त्या संगतीतून. मी मान हलवते.

अडीच तास उशीर का केला म्हणून मला मेमो मिळाला. तो मी घरी आणला होता, बाळ्याने उचलून वाचला.

"आत्या, दोन दहा कशाला लिहिलंस? चार पस्तीस लिहायचंस. कुणाला कळलं असतं?"

"तू तिथे उभा होतास ना तेवढा वेळ," मी म्हणाले.

त्याने मेमोची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. मग माझ्या शेजारी येऊन बसला. आमच्या घरात त्या दिवसांत कुणी कुणाच्या शेजारी बसत नव्हतं.