फुकटाचा सत्कार

शिसारी हा शब्द मी पूर्वी फार तर शाळेच्या मुतारीबद्दल वापरायचो. आता मला सत्काराच्या शालीची शिसारी येते.

दर्यापूरला आमच्या शाळेत मी कॉम्प्युटर शिकवतो. पालकांना निरोप धाडायला फुकटचं ईमेल घ्यायचं ठरलं, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत बसून मी चार-पाच सेवा वापरून पाहिल्या आणि एक निवडली. जाहिराती नाहीत, पालकांचे फोन नंबर मागत नाही, आमच्या इतिहासाच्या सरांनाही झेपेल अशी. मीटिंगमध्ये ती पडद्यावर दाखवली. संस्थेच्या सचिवांनी आधी चहा संपवला.

"सर, सारं बराबर हाय," ते म्हणाले. "पन सत्काराले कोन येईन?"

मला काही कळेना.

"फुकट देनाऱ्याचा सत्कार नाई कराव? शाल कोनाले घालाव, कॉम्प्युटरले?"

सगळे हसले. मला थट्टा वाटली, म्हणून मीही हसलो. पण आठवडाभरात अकोल्याहून एक गुळगुळीत माणूस उगवला. त्याचं हजेरी-मार्क ठेवायचं सॉफ्टवेअर फुकट, ईमेल फुकट, शिवाय तो जातीनं स्टेजवर यायला तयार. त्याला फक्त प्रत्येक पालकाचा चालू फोन नंबर हवा होता. हा माणूस खातो काय, असं मी विचारलं, तर सचिव म्हणाले, "तुमी लय शंका काढता बापा." सव्वीस जानेवारीला शाल, श्रीफळ झालं आणि तो निर्लज्ज ज्ञानदानावर अर्धा तास बोलला.

दहावीची परीक्षा संपली आणि पालकांचे फोन घणघणू लागले, ते निकालानंतरही थांबेनात. अकोल्यातले क्लासवाले! पोरांची नावं, तुकडी, सहामाहीचे मार्क, सगळं त्यांना पाठ. मी तणतणत सचिवांकडे गेलो. त्यांनी पान लावता लावता मला वाटेला लावलं. "फोनच येऊन राह्यले ना सर? साप तं नाई निंगून राह्यला!"

बाजारात ब्लाउज शिवणाऱ्या एका बाईंची मुलगी आमच्या शाळेत विज्ञानात पहिली आली होती. तिला अमरावतीत अकरावी करायची होती, आणि हॉस्टेल मिळालं तरच घरचे पाठवणार होते. दर फोनला शिलाई थांबवून बाई वैतागल्या आणि त्यांनी अनोळखी नंबर उचलणंच सोडलं. हॉस्टेलचे फोन त्याच दिवसांत येऊन गेले. जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. कोणी सोडली तर कळवू, एवढंच तिथून सांगितलं.

मी दुकानात गेलो तेव्हा मुलगी काजं करत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"सर, नंबर आमी शाळेले देला होता," बाई म्हणाल्या. "त्याईले नाई."

त्या शालीची चिंधी करून सचिवांच्या तोंडात कोंबावी, असं मला झालं.

तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. बाईंनी घाईनं मशीन थांबवून फोन स्पीकरवर घेतला. आता त्या एकही फोन सोडत नाहीत. मुलीचा हात काजावरच थांबला.

"हां जी, अमरावतीहून बोलता का?"

"नाही मॅडम," पलीकडची पोरगी गोड आवाजात म्हणाली, "अकोल्याहून."