घोडीचा कान

मत्सर हा पुस्तकातला शब्द. आमच्याकडं पोटात दुखतं म्हणतात, आणि माझ्या पोटात सुनेमुळं तीन वर्षं दुखत होतं. तुम्हाला वाटेल मुलगा हिसकावला म्हणून. छे हो! मुलगा तिनं खुशाल न्यावा. दुखणं घोडीचं होतं.

आमच्याकडं लग्नाला द्यायची घोडी आहे. माझे वडील टांगा हाकायचे, सासरही घोड्याचंच मिळालं. नवरा गेला तेव्हापासून, म्हणजे बारा वर्षं, घोडी मीच सांभाळली. मुलगा शिरोलीला कारखान्यात जातो, त्याला मोटारसायकल बरी वाटते. लग्नाआधी नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघाला, की घोडीचं तोंड धरून पुढं चालणारी मी. बाईमाणूस घोडी धरतंय म्हणून लोक बघायचे. मला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

वडिलांनी एक शिकवलं होतं. घोडं कुणाचं ऐकतंय ते त्याच्या कानावरून ओळखायचं. आमच्या घोडीचे दोन्ही कान माझ्याकडं असायचे. मी तिला 'बाई' म्हणते. खरारा करताना, हरभरा घालताना माझी बडबड चालूच. गुडघा, शेजारीण, गॅसची टाकी, सगळं तिला माहीत.

सून गडहिंग्लजकडची. माहेरी शिलाईचं दुकान, घोडं कधी जवळून बघितलेलं नाही. पहिले सहा महिने ती नुसती दारात उभी राहायची. मग एका दुपारी मी उठून बघते, तर ही घोडीच्या मानेला कपाळ टेकून उभी. तोंडातून शब्द नाही. आणि घोडीचा कान हिच्याकडं! मी घमेलं आपटलं. कान हलला नाही.

तिथनं पुढं माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. सुनेनं लगाम हातात घेतला की घोडी आपण होऊन मान खाली घालायची. माझ्यासमोर तीच मान आभाळाला.

"बारा वर्षं हरभरा मी चारला, आन मान हिच्यापुढं वाकवतीस व्हय गं?" मी घोडीला विचारलंसुद्धा.

सून म्हणाली, "आत्ती, तुमी बोलताना हात उडवताय. ती बिचकती."

"आता तू मला शिकीव!"

"न्हाई वो. दिसलं ते सांगिटलं."

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाला मुलानं ठरवूनच टाकलं, "आई, तुझा गुडघा हाय असा, घोडी ही धरंल." मी तरी गेलेच. नवरदेव अंगानं भरलेला, बैलगाडीतसुद्धा कधी न बसलेला. सगळ्या नवरदेवांना सांगते तेच मी त्याला सांगितलं. "पावणं, ताठ बसा, लगाम घट्ट धरा, मांड्या आवळा, भ्यायचं न्हाई."

बँड सुरू झाला आणि घोडी आडवी सरकायला लागली. नवरदेवानं लगाम खेचला, मांड्या आणखी आवळल्या. लगाम म्हणतोय थांब, मांड्या म्हणतायत पळ. बिचारीनं ऐकायचं कुणाचं? मी दुसऱ्या अंगानं पळत, "बाई थांब, आगं थांब, बाई!" मी जितकी ओरडले तितकी ती पुढचे पाय उचलायला लागली.

नवरदेवाची आई किंचाळली, "आवं धरा कुणीतरी, पडतंय माझं पोरगं!"

त्याचा एक मित्र ओरडला, "आत्ताच पड लेका, अक्षता पडल्यावर उतरता यायचं न्हाई!"

सून ओरडली नाही. तिनं नवरदेवाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "दाजी, मांड्या सोडा. लगाम सैल करा. आन गरम च्यावर फुंकर मारताय तसा श्वास सोडा."

त्यानं फुंकर मारली. घोडीनंही फुर्र केलं आणि मान खाली घातली. दोन्ही कान सुनेकडं.

देवळापर्यंत मिरवणूक कशी सरळ गेली! जो तो सुनेचं कौतुक करतोय. एक म्हातारी माझ्याजवळ आली नि विचारते कशी, "तुमी बँडवाल्यांच्यातल्या का?"

त्या लग्नातली जिलेबीसुद्धा मला कडू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून खरारा करत होती. मी म्हटलं, "पावण्याला सांगिटलंस ते मलाबी सांग. चढीव मला."

"गुडघा?"

"गुडघ्याचं मी बघती."

पाण्याच्या दगडी डोणीवर चढून, घोडीच्या पाठीवर घोंगडं टाकून एकदाची बसले. बसल्या बसल्या तोंड सुरू. "बघ बाई, कोण आलंय—"

"आत्ती, गप बसा की जरा."

या घरात मला असं कुणी बोललेलं नाही. पण बसले गप्प. तिचा हात माझ्या गुडघ्यावर आला.

"मांड्या आवळल्यासा."

"पडंन की गं!"

"मी हाय की."

सोडल्या मांड्या. घोडी चार पावलं चालली. थांबावं असं मनात आलं, तोंडातून फुंकर निघाली, आणि ती थांबली. हाक नाही, हिसका नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण सुनेला दिसू दिलं नाही. तिला आणखी कशाला मोठेपणा द्यायचा?

वरून घोडीचे कान बघितले. उजवा मागं, माझ्याकडं वळलेला. डावा अजून सुनेकडंच.

"उतरायचं का, आत्ती?"

"थांब की," मी म्हटलं. "दुसराबी वळंस्तवर बसती."