सासूबाईंचा लेप आणि हौदातलं पाणी

थोरल्या मुलीच्या वेळी माझ्या बायकोच्या दोन्ही गालांवर वांगाचे डाग उठले. मुलगी झाली, रांगू लागली, तरी ते गेले नाहीत. मला त्यांचं काही वाटत नव्हतं. फोटो काढला नसता तर कदाचित पुढेही वाटलं नसतं.

सोलापुरात तीस साली मार्शल लॉ लागला त्याच्या दोनेक वर्षं आधीची ही गोष्ट. मी एका गिरणीच्या ब्लीचिंग खात्यात कारकून होतो. मुलीचं जावळ काढलं, त्या निमित्ताने आम्ही तिघं फोटो काढायला गेलो. आठवड्याने फोटो हातात आला तेव्हा मी आधी मुलीकडे पाहिलं, मग स्वतःकडे, आणि मग बायकोकडे. तिच्या गालांवर शाई सांडल्यासारखे दोन काळे डाग होते. खात्यातल्या सोबत्याने फोटो पाहिला आणि विचारलं, ‘वहिनींना भाजलं होतं का हो?’ तो चेष्टा करत नव्हता, कळवळ्याने विचारत होता. त्याचंच मला जास्त लागलं. फोटो मी पेटीत कपड्यांच्या तळाशी घातला. त्या दिवसापासून बायकोकडे पाहिलं की मला तो फोटोच दिसे.

उपाय चालू नव्हता असं नाही. माझ्या सासूबाई अक्कलकोटच्या पलीकडे एका खेड्यात राहत. घरात कानडी, बाहेर मराठी. लेप करण्यात त्यांचा हात धरणारं त्या भागात कोणी नव्हतं. आसपासच्या चार गावांत लग्न ठरलं की नवरीच्या अंगाला लावायचं उटणं त्यांच्याकडूनच जाई. लेकीसाठी त्यांनी पुडी पाठवली होती: मसुरीचं पीठ, आंबेहळद, रक्तचंदन आणि सहाणेवर उगाळायला जायफळ. दुधात कालवून लावायचं, उन्हात फिरायचं नाही आणि सहा महिने धीर धरायचा, असा निरोप होता. दोन महिन्यांत डाग थोडे फिकटले. माझी आई सुनेचं सहसा कौतुक करत नसे, पण तीही तसं म्हणाली. मलाच ते पुरेसं वाटलं नाही.

आमच्या खात्यात कोरं कापड येई ते पिवळट असे आणि त्यावर सरकीच्या टरफलांचे बारीक काळे ठिपके असत. ते आधी उकळायचं, मग ब्लीचिंग पावडरच्या पाण्याच्या हौदात सोडायचं, त्यानंतर तेजाबाच्या हलक्या पाण्यातून काढून धुवायचं. बाहेर येई ते बगळ्यासारखं पांढरं. ते ठिपके नाहीसे होताना मी रोज पाहत होतो. हौदावर एक वयस्कर तेलुगू कामगार होता. त्याचे हात मनगटापर्यंत पांढुरके पडले होते, आणि वर दंड मात्र काळेभोर. मी त्या हातांकडे पाहिलं आणि मनाशी म्हटलं, रंग जातो. बोटांच्या पेरांना पडलेल्या चिरा मला दिसल्या नव्हत्या असं आज लिहिलं तर ते खोटं होईल. दुपारच्या सुट्टीत तो त्या चिरांत खोबरेल भरत बसे आणि मी त्याच्या शेजारी बसून भाकरी खात असे.

हौदातलं पाणी मी एका बाटलीत भरलं आणि डब्याच्या पिशवीतून घरी आणलं. गिरणीतून काहीही बाहेर नेणं म्हणजे चोरी होती. दारावर झडती होई आणि सापडलेला माणूस त्याच दिवशी कामावरून जाई. बायकोला मी सांगितलं की हे गिरणीच्या दवाखान्यातलं औषध आहे, दुधाऐवजी यात लेप कालव, आणि आईला बोलू नकोस, कारण बाहेर न्यायला बंदी आहे. हौदानंतर कापड तेजाबातून जातं हे मनात धरून, लेप धुतल्यावर वरून लिंबू चोळ, असंही तिला सांगितलं. तिने बाटली नाकाशी नेली.

‘तुमच्या सदऱ्याला येतो तसला वास हाय की याला.’

‘औषध गिरणीतलं आहे, दुसरा कसला येणार?’

ती हसली. पहिल्या दिवशी गाल झोंबले. औषध लागू पडत असलं की झोंबतंच, असं मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी ते लाल झाले आणि बंद करू का म्हणून तिने विचारलं. मी आणखी एक दिवस लावायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कामावरून आलो तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. दोन्ही गालांची कातडी सुटली होती आणि एक डोळा सुजून मिटला होता.

मी पेठेतल्या डॉक्टरांना घेऊन आलो. चाळीतल्या पाच-सहा बायका दाराशी जमल्या होत्या. काय लावलं होतं, असं डॉक्टरांनी विचारलं. बाटली मोरीतल्या घंगाळामागे होती. गिरणीचा दरवाजा आणि झडती घेणारा जमादार माझ्या डोळ्यांपुढे आले, आणि मी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, ‘गावाकडचा लेप. सासूबाईंनी पाठवलेला.’

बायकोने उघड्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, या म्हाताऱ्या काय काय कालवतात देव जाणे. आईने पुडी उचलली आणि उकिरड्यावर टाकून आली.

ही बातमी आम्ही कळवण्याआधीच अक्कलकोटकडे पोचली. आठ-दहा दिवसांनी, रविवारी, सासूबाई आल्या. काखेत सहाण होती आणि पदरात पुडी बांधलेली. लेकीचा चेहरा त्यांनी हनुवटीला धरून उजेडात नेला. बराच वेळ पाहिला. मग बाहेर गॅलरीत जाऊन बसल्या, सहाण मांडली, जायफळ उगाळलं, लेप कालवला आणि सर्वांदेखत स्वतःच्या दोन्ही गालांना लावला. काय होतंय ते सगळ्यांनी बघा, एवढंच म्हणाल्या. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत त्या तिथेच बसून होत्या. बायका येता-जाता पाहत होत्या. लेप वाळला, त्याला भेगा पडल्या. त्यांच्या गालांना काहीही झालं नाही.

‘म्हातारीच्या कातड्याला काय होतंय,’ माझी आई म्हणाली.

मी दाराच्या आत, त्यांच्यापासून चार हातांवर बसलो होतो. एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. नोकरी जाईल, मग या सगळ्यांना काय खाऊ घालू, असं मनाला समजावत राहिलो. सासूबाईंनी सहाण काखेत मारली आणि चेहरा न धुता, तो वाळलेला लेप तसाच घेऊन स्टेशनाकडे चालत्या झाल्या. पुन्हा त्या आमच्या दारात आल्या नाहीत. आईने सुनेला माहेरी धाडायचंही बंद केलं.

जखमा भरल्या तेव्हा वांगाच्या जागी पांढरे चट्टे राहिले आणि त्यांच्या कडा पूर्वीपेक्षा काळ्या झाल्या. चाळीत कोड म्हणून कुजबुज सुरू झाली. हळदीकुंकवाला बोलावणी येईनाशी झाली. तिकडे खेड्यातही सासूबाईंकडे लेप मागायला कोणी येईना. पोटच्या पोरीचं तोंड जाळलं, ती आमच्या पोरीचं काय करील, असं लोक म्हणत. हे मला मेव्हण्याने सांगितलं आणि मी ते ऐकून घेतलं.

बायकोने या बाबतीत एकदाच तोंड उघडलं. भाकऱ्या थापता थापता ती म्हणाली, ‘अव्वा बाहेर बसली हुती तवा तुमी बोलाल, असं वाटलं हुतं मला.’ मग तव्यावरची भाकरी उलटली.

पुढे काही वर्षांनी मुलीच्या फोटोसाठी मी पुन्हा त्याच फोटोवाल्याकडे गेलो. बोलता बोलता तो जुना फोटो निघाला. फोटोवाला सहज म्हणाला की फोटोच्या पूर्वीच्या काचांना लाल-तपकिरी रंग दिसतच नसे, तो काळाच उठे. वांग असलेल्या बायकांची त्यामुळे फार तक्रार येई, म्हणून तो काचेवर पेन्सिल फिरवून डाग झाकून देत असे. ‘तुम्ही बोलला असता तर तुमच्या घरच्यांचेही झाकले असते,’ तो म्हणाला. मी तिथल्या बाकावर बसलो. बायकोच्या गालांवर तसे काळे डाग कधी नव्हतेच.

गेल्या वर्षी सासूबाई आजारी असल्याचं कळलं. माझी आई तोवर वारली होती. मी बायकोला घेऊन गेलो. लेकीला पाहून सासूबाई कानडीत काही बोलत राहिल्या, तिचा हात सोडीनात. मग बायको पाणी आणायला आत गेली तेव्हा मी त्यांच्या खाटेशी बसलो आणि बाटलीपासून सगळं सांगितलं. मी रडलोही. त्या छताकडे पाहत होत्या.

‘जावईबापू,’ त्या म्हणाल्या, ‘तवा समद्यांम्होरं बोललात. आता माझ्या कानात सांगताय व्हय?’

क्षमा मागायला गेलो होतो, ती नीट मागता आली नाही.

परत आल्यावर मी आमच्या त्या जुन्या चाळीत गेलो. डॉक्टर सोलापूर सोडून गेले होते. त्या दिवशी दाराशी उभ्या असलेल्या बायकांपैकी दोघी उरल्या होत्या. मी त्यांना गॅलरीत उभं राहून सांगितलं. एकीला काही आठवेना. दुसरी म्हणाली, आता कशाला जुनं उकरून काढता, म्हातारपणी त्या बाईंचं काय बिघडतंय.

म्हणून हे लिहिलं. नावं घातली नाहीत, कारण बायकोची तशी इच्छा आहे. त्या खेड्यातल्या लोकांना नावांवाचूनही कळेल. लिहून झाल्यावर मी तिला सगळं वाचून दाखवलं. ती गव्हातले खडे वेचत ऐकत होती. एकाच जागी तिने मला थांबवलं.

‘अव्वानं नुसतं गालांना न्हाय लावला. कपाळाला, हनुवटीला, डोळ्यांभवतीबी लावला हुता. ते लिवा.’

ते लिहितो. सासूबाईंनी तो लेप साऱ्या चेहऱ्याला लावला होता.