वॉशरकाकांनी रायफल उघडली

वॉशरकाकांच्या हातात नखाएवढी रबरी रिंग द्यावी आणि जगाचं काय चाललंय ते त्यांना विचारू नये. नेमबाजीच्या हॉलमागे त्यांची एका खिडकीची खोली आहे. एअर रायफलमधून हवा गळायला लागली की सगळे तिकडेच धाव घेतात. आत शिरायचं तर डोक्याला रुमाल बांधायचा, लोकरीचा स्वेटर बाहेर काढायचा, असा काकांचा दंडक. एकदा त्यांनी प्रशिक्षक मॅडमनाही रुमाल बांधायला लावला होता. एरवी हॉलभर डाफरणाऱ्या मॅडमनी तो मुकाट बांधला, कारण असा भरवशाचा हात दुसरीकडे मिळणार नव्हता.

काकांची सून याच हॉलमधली नेमबाज. बाळंतपणानंतर ती परत रायफल धरून उभी राहिली ती सासऱ्यांच्या जोरावर. ती सरावाला निघाली की नात आजोबांच्या मांडीवर. दूध, दुपटी, अंगाई, सगळं आजोबा. त्यांचा सूर असा की बाळ बहुधा सुटका म्हणूनच झोपी जात असे.

पण अलीकडे सुनेचा नेम बिघडला होता. भराभर गोळ्या मारल्या की सगळ्या मधोमध. जरा दम घ्यायला थांबली की पुढची गोळी हमखास वर. मॅडमनी आधी समजावलं, मग तोंडावर सांगितलं, "तुझा जीव घरात अडकलाय. शनिवारी संघ निवडायचाय. मला दुसरीला घ्यावं लागेल."

सुनेलाही ते पटायला लागलं होतं. जेवताना ती म्हणाली, "बाबा, मी सोडूनच देते. मॅडम म्हणतात तसंच असेल."

काकांचा घास हातातच राहिला. "थांबल्यावरच वर जाते? मग आधी रायफलीला विचारू. तुझं मन काही मला स्क्रू काढून बघता येत नाही."

सकाळी खोलीत त्यांनी सुनेसमोर रायफल शिकंज्यात आवळली आणि वेग मोजायच्या यंत्रासमोर लागोपाठ गोळ्या मारल्या. वेग सारखा. मग निवांत चहा घेतला आणि पुन्हा मारली. वेग वाढलेला! नळकांड्यातली दाबाची हवा दर गोळीला सारखी मोजून द्यायची, हे रेग्युलेटरचं काम. तो घट्ट मिटला नाही, तर मोजलेल्या हवेत मागून आणखी हवा झिरपत राहते, गळक्या नळाखाली बादली भरते तशी. जितकं थांबाल तितका दाब जास्त आणि गोळी तितकी वर.

काकांनी आधी सगळी हवा रिकामी केली, रेग्युलेटर खोलला आणि भिंग धरलं. सीलवर, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी रिंगवर, आडवा पडलेला एक केस. जावळाचा, रेशमासारखा मऊ. काकांनी तो लगेच ओळखला आणि सुनेला सांगून टाकलं. मागच्या खेपेला सील बदलले तेव्हा घरचीच रायफल म्हणून त्यांनी ती जेवणाच्या टेबलावर उघडली होती आणि मांडीवर नात होती.

सून आधी हसली, मग रडली. "म्हणजे माझा नेम बरोबर होता! बाबा, बदलून टाका आणि विषय संपवा. कुणाला सांगू नका, तुमच्या नावाला उगाच बट्टा लागेल."

काकांनी आधी काम हातात घेतलं. रेग्युलेटर पुसून लख्ख केला, नव्या रिंगांना ग्रीसचं नुसतं बोट लावलं आणि बोटानेच त्या खाचेत सरकवल्या. तिथे धातूचं टोक ते कधीच लावत नाहीत. मग स्क्रू किंचित फिरवायचा, हवा भरायची, गोळी मारायची, थांबून परत मारायची, पटलं नाही की हवा सोडून पुन्हा खोलायचं. चहा तर इतका झाला की सुनेने शेवटी नुसतंच बसून वाट पाहिली. थांबल्यानंतरचा वेग आधीच्या वेगाशी जुळला तेव्हा कुठे काकांनी पाठ टेकली.

शनिवारी हॉल भरलेला असताना ते मॅडमसमोर जाऊन उभे राहिले. "पोरीचा जीव कुठेही अडकलेला नाही. हिच्या रायफलीत केस अडकला होता आणि तो माझ्यामुळे. नातीला मांडीवर घेऊन मी सील बसवले. तुम्ही हिला बोलत होतात तेव्हा मी इथेच होतो आणि रायफल बघायचं मला सुचलं नाही."

जो तो आपापल्या रायफलीकडे बघायला लागला. एकाने विचारलंच, "मग आमच्या?"

"तुमच्या इथे उघडल्या, नियमाने. तरी शंका असेल तर द्या, परत बघतो."

त्याने खरंच रायफल आणून दिली. काकांनी राग न मानता ती घेतली. आयुष्यभर कमावलेलं नाव त्यांनी भर हॉलमध्ये असं पणाला लावलं आणि वर आवाजही चढवला नाही. सुनेला त्या क्षणी आपल्या सासऱ्यांचा फार अभिमान वाटला.

मॅडमनी तिला मुद्दाम थांबवून थांबवून गोळ्या मारायला लावल्या. एकही वर गेली नाही. "घेतली तुला," त्या म्हणाल्या आणि काकांकडे बघून नुसती मान हलवली.

परतताना फाटकापाशी काका म्हणाले, "आता घरात रायफल उघडायची नाही. आणि नातीला सांभाळायला एखादी बाई बघ. माझ्या हातून चुका व्हायला लागल्या."

सून थांबली. "रायफल उघडू नका, बाबा. पण माझ्या लेकीला मांडीवरून उतरवलंत, तर मी उद्यापासून सरावाला जाणार नाही."