दाजींचं ठोकळ्यांचं घड्याळ

अक्काचा फोन संध्याकाळी दुकानात आला. काउंटरवर गिऱ्हाईक उभं होतं, त्याला खोकल्याची बाटली देता देताच मी रिसीव्हर खांद्याने धरला. "मल्लू, ये," एवढंच ती म्हणाली. माझी बहीण एका वाक्यावर थांबणारी बाई नव्हे. मी औषधाच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलं, शेजारच्या चहावाल्याला लक्ष ठेवायला सांगितलं आणि स्कूटर उचगावकडे हाणली. पोचलो तेव्हा दाजींना माडीवरच्या क्लासमधून खाली आणून शेजाऱ्यांच्या जीपमध्ये आडवं केलं होतं. दवाखान्यात त्यांनी डोळे उघडलेच नाहीत. मेंदूत रक्तस्राव झालाय, डॉक्टर म्हणाले... आणि अंधार पडायच्या आत सगळं आटोपलं.

याला आता काही आठवडे झाले. चौकातला फ्लेक्स अजून आहे. 'प्रयोगशील शिक्षक, विद्यार्थ्यांचे लाडके महालिंग सर यांना भावपूर्ण श्रद्धांजली', वर दाजींचा हसरा फोटो आणि खाली शोकाकुल कार्यकर्त्यांचे आणि माजी विद्यार्थ्यांचे त्याहून हसरे फोटो. भेटायला येणारा प्रत्येक जण सरांच्या डोक्याबद्दल बोलतो. काय डोकं, काय कल्पना, नसलेल्या गोष्टीतून कशी वाट काढायचे. मीही चार शब्द लिहावेत असा आग्रह झाला म्हणून बसलोय. पण माझ्याकडे गोड शब्द नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. मला माझ्या बहिणीच्या नवऱ्याचा राग आहे. ते होते तेव्हाही होता, आणि आता भांडायला समोर कोणी नाही म्हणून तो जास्तच झालाय.

अक्काचं लग्न नव्वदीच्या सुरुवातीला झालं. आम्ही कुरुंदवाडचे, कापडाच्या दुकानातले; औषधाचं दुकान मी पुढे उचगावजवळ काढलं. दाजी मूळचे कोडोलीचे, उचगावच्या हायस्कूलात गणित शिकवायला होते. पहिल्या दिवाळीला मी तिच्या घरी गेलो तर न्हाणीघराला आतून कडी नव्हती. पाण्याने भरलेली बादली दाराला टेकवायची आणि अंघोळ करायची, अशी सोय. मी म्हटलं, "दाजी, कडी बसवून घ्या की." ते म्हणाले, "पावणं, बादली हाय की." त्यांच्या घरातली एकेक वस्तू अशीच चालायची. पंखा काठीने ढोसला की फिरायचा. स्कूटरची किक बसत नव्हती, तर तिला दुरुस्तीला न टाकता ते रोज चढावर नेऊन लावायचे आणि सकाळी उतारावरून सोडायचे. आमची अव्वा, म्हणजे आई, म्हणायची, "जावई हुशार हाय, पण घरात एक गोष्ट सरळ चालत न्हाय." अक्का सुरुवातीला हसायची. मग हसायची थांबली. ती भरलेली बादली ती रोज उचलत राहिली, दोन्ही बाळंतपणांतसुद्धा, आणि मला दाजींचा पहिला राग आला तो तिथे.

नंतर कॉम्प्युटर आले. माडीवर जुन्यापान्या मशीन मांडून दाजींनी शाळेनंतर मुलांचा क्लास काढला. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्यांना एक सीडी आणून दिली. त्यात लहान मुलांसाठी केलेली प्रोग्रॅमिंगची भाषा होती. टाईप काही करायचं नाही. पडद्यावर रंगीत ठोकळे असतात, 'दहा पावलं चाल', 'उजवीकडे वळ', 'हे चार वेळा कर', ते एकाखाली एक जोडायचे की पडद्यावरचं मांजर तसं वागतं. दाजींना ती भाषा आवडली. पण खरे खूश ते झाले त्या भाषेत काय काय नाही हे कळल्यावर.

स्वतःचा नवा ठोकळा तिच्यात बनवता यायचा नाही. मग दाजींनी शिपाई शोधून काढला. पडद्याच्या कोपऱ्यात एक अदृश्य पात्र बसवायचं, कोणीही आरोळी दिली की त्याने ठरलेलं काम करायचं आणि परत गप्प बसायचं. प्रत्येक कामाला एक शिपाई. मराठी अक्षरं तिला उमटवता यायची नाहीत, नुसत्या चौकोनी डब्या दिसायच्या. त्या भाषेत पात्रांना कपडे बदलता येत. दाजींनी पोरांकडून प्रत्येक अक्षर चित्रासारखं काढून घेतलं आणि एका पात्राला क पासून ज्ञ पर्यंतचे कपडे शिवले. काना, मात्रा, वेलांट्या ही वेगळी पात्रं. अक्षर उभं राहिलं की वेलांटीने पळत येऊन आपली जागा घ्यायची. मशीन जुनी, त्यामुळे तिला उशीर व्हायचा. 'शिरोळ' लिहायला घेतलं की आधी नुसता 'शरळ' उभा, आणि मग एक वेलांटी डावीकडून धापा टाकत यायची. पोरं हसून लोळायची. मीही हसलोय, ते नाकारत नाही.

एकदा मी त्यांना विचारलं, "दाजी, दुसऱ्या भाषांत हे सगळं तयार मिळतं. ती शिकवा की पोरांना."

"तयार मिळतंय म्हणूनच न्हाय शिकवायची," ते म्हणाले. "सगळं मिळालं की डोकं चालायचं बंद होतंय, पावणं."

वर्गात हे ठीक होतं. मुलं खरंच तल्लख झाली, त्यातली काही पुढे इंजिनिअर झाली, तीच आता फ्लेक्सवर आहेत. पण हा माणूस वर्गातून खाली उतरला तरी वर्गातच असायचा.

मग त्यांना रक्तदाबाचा त्रास निघाला. साधा नव्हे, डॉक्टरांनी डोळे वटारावेत असा. गोळ्या सकाळी, दुपारी आणि रात्री, वेळ चुकवायची नाही. माझंच दुकान, त्यामुळे गोळ्या मीच पोचवायचो. सकाळची आणि रात्रीची गोळी अक्का हातावर ठेवायची. प्रश्न दुपारच्या गोळीचा होता, कारण शाळा तेव्हा सकाळची झाली होती आणि दुपारभर दाजी माडीवर. अक्का म्हणाली, मी वर आणून देत जाईन. दाजी म्हणाले, गरज न्हाय, घड्याळ बनवतो.

त्या ठोकळ्यांच्या भाषेला वेळ कळत नव्हती. किती वाजले, हे विचारायचा ठोकळाच नव्हता. होता तो फक्त सुरू केल्यापासून किती सेकंद झाले ते मोजणारा. एवढ्यावर दाजींनी घड्याळ उभं केलं. सकाळी एकदा त्याला वेळ सांगायची, पुढचे सेकंद ते मोजत राहायचं. दोन वाजले की गजर. गजर म्हणून त्यांनी काय घातलं असेल? अक्काचा आवाज. माईकसमोर तिला उभी करून बोलायला लावलं. "अहो, गोळी घ्या की." ती लाजली होती म्हणे. मला हे तिनेच कौतुकाने सांगितलं होतं.

आणि लाईट जायला लागली. तुम्हाला सांगायला नको, गावात तर अर्धा दिवस लोडशेडिंग. लाईट गेली की मशीन बंद, मोजणी बंद. दर तासाला एखादं पोरगं वेळ सेव्ह करून ठेवायचं, पण लाईट आल्यावर घड्याळ त्या सेव्ह केलेल्या वेळेपासून पुढे चालायचं. मधे अंधार किती वेळ होता, हे त्याला समजायचा मार्ग नव्हता. कोणीही शहाणा माणूस भिंतीवरचं घड्याळ बघून वेळ दुरुस्त करील. दाजी म्हणाले, "ती कॉपी झाली. सकाळी एकदा सांगितलं, आता त्याचं त्यानं काढायचं." त्यांनी लोडशेडिंगचं छापील वेळापत्रक आणलं आणि त्यातल्या वेळा ठोकळ्यांत भरल्या. घड्याळ पुन्हा सुरू झालं की वेळापत्रकाप्रमाणे अंधाराचा वेळ आपोआप मिळवायचा. पोरांनी चोरून बघू नये म्हणून भिंतीवरचं घड्याळ त्यांनी फिरवून भिंतीकडे तोंड करून टांगलं. वेळापत्रकाप्रमाणे लाईट जाते, असं आपल्या जिल्ह्यात मानणारा हा एकटाच माणूस असावा.

लाईट अवेळी गेली की घड्याळ मागे पडायचं. कधी तासभर, कधी तीन तास. आणि दाजी गोळी घ्यायचे ती त्या घड्याळाप्रमाणे. पोरांना सांगायचे, "मीच टेस्टर हाय. चुकलं तर मला कळंलच की." दुपारची गोळी संध्याकाळी जायची, मग रात्रीची अक्काने पुढे केली की म्हणायचे, आत्ताच तर घेतली. मला हे कळलं दुकानात बसून. महिन्याची पाकिटं महिन्यात संपेनात.

अक्काने काय केलं माहीत आहे? एक दिवस स्वयंपाकघरातल्या घड्याळात दोन वाजले तशी ती गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन माडीवर गेली. वर्ग भरला होता. दाजींनी पडद्याकडे बोट दाखवलं. "अजून वाजलं न्हाय. वाजलं की ती सांगती," म्हणाले. ती म्हणजे कॉम्प्युटरमधली. पोरं खो खो हसली. माझी बहीण पेला घेऊन तशीच खाली आली आणि पुन्हा त्या वेळेला वर गेली नाही. जिवंत बायको गोळी घेऊन समोर उभी, आणि हा माणूस डब्यातली बायको बोलायची वाट बघतोय. मला हे तिने सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात कौतुक नव्हतं. "तू सांग त्यांना, मल्लू. माझं ऐकत न्हाईत," एवढंच म्हणाली.

मी गेलो. भांडायलाच गेलो. क्लास सुटेपर्यंत खाली थांबलो आणि मग वर जाऊन गोळ्यांची उरलेली पाकिटं त्यांच्या टेबलावर टाकली.

"ही का उरली?"

"लाईटवाल्यांनी वेळा बदलल्यात. पुढच्या आठवड्यात ठोकळा बदलतो."

"ठोकळा ऱ्हाऊ दे. अक्का गोळी देती ती घ्या. न्हाईतर मी इन्व्हर्टर आणून बसवतो, उद्याच."

दाजी हसले. राग यावा असंच हसायचे ते, शांत, मास्तरी. "इन्व्हर्टर आणला की प्रश्नच संपला. मग पोरं काय शिकणार?"

"आणि तुम्ही संपला तर?"

पडद्यावरच्या मांजराला त्यांनी दोन पावलं चालवलं. मी जिना उतरलो. खाली अक्का उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. तिने मला चहा विचारला आणि मी नको म्हटलं.

त्यानंतर उन्हाळ्याच्या तोंडावर एका दिवशी सकाळी दहालाच लाईट गेली, वेळापत्रकात नसताना. दुपार टळल्यावर आली. दाजींनी मशीन सुरू केली, घड्याळ सकाळपासून पुढे मोजायला लागलं, क्लास भरला. फळ्यावर काहीतरी काढताना ते खाली बसले, ते बसलेच. दवाखान्यातून माघारी आल्यावर मी माडी बंद करायला एकटाच वर गेलो. गडबडीत कोणी मशीन बंद केली नव्हती. बाहेर दिवेलागण झालेली, आणि पडद्यावर दोन वाजायला आले होते. मी बटण शोधत होतो तोवर मागून माझ्या बहिणीचा आवाज आला. "अहो, गोळी घ्या की." मी वायर ओढून काढली.

गोळ्या चुकल्या म्हणूनच झालं असं खात्रीने सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. ते भले माणूस आहेत. मी औषधं विकतो, मला जे वाटतं ते मी सांगितलं.

परवा मी पुन्हा गेलो होतो. आधी न्हाणीघराला कडी बसवली, मग मशीन कोणाला तरी देऊन टाकाव्यात म्हणून माडीकडे निघालो. जिन्यात असतानाच वरून आवाज आला. "अहो, गोळी घ्या की." मी मनगटावर बघितलं तर बरोबर दोन. वर गेलो. हॉल झाडलेला, एकच मशीन चालू. भिंतीवरचं घड्याळ सरळ करून टांगलेलं. अक्का माझ्यामागून वर आली. सकाळी ती वेळ सांगते, लाईट जाऊन आली की वर येते, भिंतीकडे बघते आणि वेळ दुरुस्त करते. ठोकळे कुठे बदलायचे हे तिने क्लासमधल्या एका मुलीला विचारून घेतलंय. दाजींना जमलं नाही ते एवढंच होतं, मान वर करून भिंतीकडे बघायचं.

मी म्हटलं, "अक्का, कशाला चालू ठेवलंयस हे? आता कोण हाय गोळी घ्यायला?"

तिने पदराने पडद्यावरची धूळ पुसली.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "ते तरी माझं ऐकतंय."